तेंगे न म्हणता

प्रिय एर्केम,

तुझा फोन येऊन गेला त्याला आता आठवडा होत आला. त्या दिवशी मी गप्प बसले याचा तुला राग आला असणार, आणि तो यावाच. पण फोन जेवणाच्या दस्तरखानावर मधोमध ठेवलेला, चहा ओतलेला, आणि माझा सांझार, त्याची बायको अयागोझ, तुझा भाऊ असे सगळे कान टवकारून बसलेले. अशा बैठकीत मला साखरेचा भाव सांगता येतो, मनातलं सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. पोस्टात अजून लिफाफे मिळतात का, हे आधी जाऊन विचारून आले आणि मगच लिहायला बसले.

बाळ छान आहे. दूध पिताना इतकी घाई करतं की जणू मागे कोणी रांगेत उभं आहे. रडायच्या आधी उजवी भुवई वर चढवतं, ती तुमच्या घराण्याची खूण. तीन आठवडे झाले तरी त्याला नाव नाही. दुकानात येणारी प्रत्येक बाई विचारते, 'काय गं कामशात, नातवाचं नाव काय शहरातून मागवलंय? ट्रक अडकला का वाटेत?' मी हसून पाव बांधून देते. काय सांगू त्यांना? अयागोझने हौसेने पणजोबांचं नाव सुचवलं, सांझारला ते आवडलं, आणि तू, बाळाच्या बापाच्या आत्याने, नको म्हटलंस. आत्याचा शब्द मोडून या घरात नाव ठेवलं जात नाही, हे सांझारलाही कळतं, म्हणून बाळ अजून नुसतंच बाळ आहे.

तू जे म्हणालीस ते मला शब्द न् शब्द आठवतं. 'सांझार, तू तेव्हा लहान होतास, तुला काय ठाऊक. पैशाच्या नावाचं पोर म्हणून शाळेत चिडवून चिडवून जीव नकोसा करतील त्याचा.' आणि मग मला म्हणालीस, 'वहिनी, तू का गप्प? तू तर तीस वर्षांत एकदाही ते नाव तोंडातून काढलं नाहीस. तुलाही लाजच वाटायची. रीतभात हे आपलं निमित्त.' हे शेवटचं मला लागलं. तू मुद्दाम लागेल असं बोलली नसशील, पण लागलं.

मी लग्न होऊन साराबुलाकला आले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवून घरातल्या माणसांची नावं एकदा, फक्त एकदा सांगितली. म्हणाल्या, 'नीट ऐकून घे, म्हणजे कुठली तोंडात आणायची नाहीत ते कळेल.' थोरले दीर झाले 'मोठ्या घरचे', तुझा भाऊ झाला 'हे', आणि तू माझ्या पेटीतल्या खारका चोरून खात होतीस, म्हणून तू झालीस एर्केम, माझी लाडकी. तुझं खरं नाव मी आजही घेत नाही. त्यात मला कुठली लाज वाटते, सांग बघू. मामंजींचं नाव टाळणं तर सगळ्यांत सोपं होतं. जुन्या काळच्या चांदीच्या नाण्याचं नाव, ते रोजच्या बोलण्यात येणार कशाला? पैशाला, म्हणजे रुबलला, तेव्हा आपण सगळे 'सोम' म्हणायचो, आणि सोम नावाचा माणूस आपल्या घरात नव्हता.

त्यांना ते नाव कसं मिळालं हे तुला माहीत आहे, पण अयागोझला माहीत नव्हतं, तिला परवा सांगितलं. त्यांच्या आधीची तीन मुलं जगली नाहीत. म्हणून हे जन्मले तेव्हा त्यांच्या आजीने त्यांना शेजारणीच्या हवाली केलं आणि मग आपलंच बाळ तिच्याकडून एका चांदीच्या नाण्याला विकत घेतलं. ते नाणंही आईच्या वेणीला लटकवलेल्यांतलं एक, तिथल्या तिथे तोडून दिलेलं. विकत घेतलेल्या पोरावर मरणाचा हक्क नसतो, असं म्हणतात. मग ज्या नाण्याने वाचलं, त्याचंच नाव पोराला. मामंजी ही गोष्ट सांगताना शेवटी न चुकता म्हणायचे, 'शेजारीण दोन मागत होती. आमच्या आजीने घासाघीस केली.'

आणि मग त्र्याण्णवचा तो नोव्हेंबर आला. रेडिओवर सांगितलं की जुने रुबल बंद, आता आपल्या कझाकस्तानचा आपला पैसा, आणि त्याचं नाव अमुक. मी किटली खाली ठेवून मामंजींकडे पाहिलं. ते इतके हसले की टोपी खाली पडली. 'माझ्या नावाने सरकारने नोटा छापल्या आणि मला एका शब्दाने विचारलं नाही,' म्हणाले. आठवडाभर गावातून असे चालत होते की जणू नोटांवर सही त्यांचीच असावी. त्यांचा सवंगडी बेरदिबेक रस्त्यात आडवा यायचा. दोघे एका वर्षी जन्मलेले, म्हणजे एकमेकांची टिंगल करायचा दोघांनाही जन्मसिद्ध हक्क. तो म्हणायचा, 'अरे, तुझी मोड आहे का? मला अर्धाच पुरे.'

मी तेव्हा मेंढी-फार्मच्या दुकानात काउंटरवर. पहिल्या दिवशी दारापर्यंत रांग, आणि कोणीतरी विचारलं, 'मीठ कितीला?' मी आकडा म्हटला आणि थांबले. पुढचा शब्द म्हणजे माझे सासरे. रांग माझ्या तोंडाकडे बघतेय आणि माझं तोंड उघडंच. तेवढ्यात हातातल्या नोटेवर नजर गेली. तिच्यावर दोन तारांचा डोंबरा वाजवणारे बुवा होते. मी म्हटलं, 'एक डोंबरावाला.' रांगेत हशा पिकला, पण मीठ घेणाऱ्याने बरोबर पाचाची नोट काढून ठेवली. झालं, त्या दिवसापासून मला वाट सापडली. एकाच्या नोटेवर फेटा बांधलेले विद्वान, ते पगडीवाले. तिनाच्या नोटेवर म्हातारेबुवा. दहावर तरणेबांड अधिकारी, ते मिशीवाले. विसावर कवी, पन्नासावर धाकटे खान, शंभरावर मोठे खान. बारक्या कागदी चिल्लरीला मी कपटे म्हणायचे, कारण ती दिसायचीच तशी. चारशे बत्तीस सांगायचे तर, 'चार मोठे खान, एक कवी, एक मिशीवाले आणि दोन पगडीवाले.' तूच शाळेतून येऊन म्हणायचीस, 'वहिनी, दोन डोंबरावाले दे ना, वही आणायचीय.' बघता बघता सगळं गाव तसं बोलायला लागलं. आधी थट्टेने, मग सोयीने, मग सवयीने. बाहेरगावचा पाहुणा आपल्या दुकानात उभा राहिला की त्याला वाटायचं, इथे सामान विकतात की माणसं?

तो पैसा जर तसाच भक्कम राहिला असता तर ही नुसती गंमतीची गोष्ट झाली असती. पण वसंत उजाडेपर्यंत त्याची काय दशा झाली ते तू पाहिलंस. आज पाव एवढ्याला, उद्या तेवढ्याला. फार्मवर पगार नाही, आणि जो मिळायचा त्याचं पुढच्या आठवड्यात काही येत नव्हतं. लोक कोणावर राग काढणार? जो हातात होता त्याच्यावर. 'आग लागो त्याला', 'मढं बसवलं त्याचं', 'चुलीत घालायच्या लायकीचा'. विहिरीवर, बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे तेच नाव आणि त्याला जोडून शिव्या. कोणी मामंजींना उद्देशून बोलत नव्हतं, पण कान तर त्यांचेच होते ना. बेरदिबेकची थट्टाही तीच राहिली, 'आज तू किती पडलास रे?' पण आता ती ऐकून कोणी हसत नव्हतं. नावात माणसाचं नशीब असतं, असं मानणारे ते. माझ्यापाशी एकदा म्हणाले, 'पोरी, दिवसभर लोक माझं नाव घेतात, आणि हाक मात्र मला कोणी मारत नाही.'

त्याच उन्हाळ्यात एक दिवस तू ओठ चावत घरी आलीस. कुठल्याशा पोराने तुला म्हटलं होतं, 'तुझा बाप रोज स्वस्त होतो.' तू ते घरात सांगितलं नाहीस, मला दुसऱ्या दिवशी काउंटरवर कळलं. शरद ऋतूत तू शिकायला अल्माटीला निघालीस. बसमध्ये चढलीस आणि मागे वळून पाहिलं नाहीस. मामंजी हात वर करून तसेच उभे होते. बस गेल्यावर मला म्हणाले, 'डोळ्यांत धूळ गेली असेल तिच्या.'

इथपर्यंतचं तुझं-माझं सारखं आहे. पुढचं तू पाहिलेलं नाहीस. त्या हिवाळ्यात फार्मचं दुकान बंद पडलं आणि मी आपल्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. मीठ, काड्यापेट्या, चहा, चिनी बॅटऱ्या, आणि माझ्या हातचा पाव. मामंजी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मशिदीत जाणं सोडलं, घोडीकडे बघणं सोडलं. एके दिवशी दुकानात एक बाई वाढत्या भावाला कंटाळून त्या नावाने बोटं मोडायला लागली, आणि पडद्याआड मामंजींनी कूस बदलल्याचं मला ऐकू आलं. मी तिच्या पिशवीतला पाव परत काढून फळीवर ठेवला. म्हटलं, 'बाई, या चार भिंतींत ते नाव माझ्या सासऱ्यांचं आहे. शिव्याच द्यायच्या तर बाहेर जाऊन दे, आणि मग पाव न्यायला ये.' बाई बाहेर गेली, वाऱ्यात उभी राहून पोटभर बोलली, नाक पुसून आत आली आणि म्हणाली, 'दे आता. किती कवी झाले?' त्यानंतर आमच्या दुकानात कोणी तो शब्द उच्चारला नाही. असं बाहेर जाऊन बोलून यायची पद्धतच पडली. दोन दिवसांनी पडदा सरला आणि मामंजी शेगडीपाशी येऊन बसले. साऱ्या गावात तेवढी एकच जागा उरली होती, जिथे त्यांच्या नावाला कोणी काही म्हणत नव्हतं. बेरदिबेकही यायला लागला. माफी वगैरे मागणाऱ्यांतला तो नाही. येताना खिशातून वाळवलेल्या दह्याच्या टणक कुर्त-गोळ्या आणायचा आणि मामंजींच्या पुढ्यात ओतायचा, 'दात शाबूत असतील तर खा,' म्हणायचा.

आणि मग तो तपासनीस आला. तालुक्याहून, तरुण, पायांत पातळ शहरी बूट. त्याने काड्यापेटी मागितली. 'किती?' मी सवयीने म्हटलं, 'दोन पगडीवाले.' त्याने कान पुढे केला. 'दोन काय?' मागे एक बाई पैसे मोजत होती, 'खान, खान, कवी...' त्याचा चेहरा बदलला. त्याला वाटलं, या बाईने आपलं खाजगी चलन चालवलंय, चिठ्ठ्या काढून गाव लुबाडतेय. त्या दिवसांत असे प्रकार होतही होते. त्याने दार लावून घेतलं. म्हणाला, 'बाई, या देशाच्या पैशाला एक नाव आहे. कायद्याने भाव त्याच नावात सांगावा लागतो. मोठ्याने सांगा, नाहीतर दुकानाला सील लावतो.' मी काड्यापेटी पुढे सरकवली. घरात तेव्हा दुसरी मिळकत नव्हती एर्केम, तुला दर महिन्याला पैसे यायचे तेही याच दुकानातून. सांझार माझ्या पदराला धरून उभा. आणि मामंजी तिथेच, शेगडीपाशी. त्यांच्यासमोर त्यांचं नाव घ्यायचं, तेही धमकीला भिऊन?

तपासनीस मग रांगेकडे वळला. पहिलीला विचारलं, दुसरीला विचारलं. कोणी बोलेना. एकीने सांगितलं की ती निरक्षर आहे, आणि ती आपल्या शाळेत गणित शिकवायची. शेवटी त्याने बेरदिबेकला गाठलं, 'आजोबा, तुम्ही वडीलधारे. या पैशाला काय म्हणतात?' वर्षभर ज्याच्या तोंडात त्या नावाशिवाय दुसरा विषय नव्हता, तो बेरदिबेक तोंड उघडून दाखवत म्हणाला, 'बाळा, माझे पुढचे दात पडलेत. तेवढा एकच शब्द येत नाही मला.' आणि तेव्हा मामंजी उठले. टोपी नीट केली. आपलं नाव सांगितलं, वडिलांचं, आजोबांचं, सात पिढ्या मागे जात सांगितलं. म्हणाले, 'ते नाव माझं आहे. मला ते तुझ्या सरकारच्या आधी सत्तर वर्षं मिळालंय, चांदी मोजून. ही माझी सून. तुझ्या आईने तुझ्या आजोबांचं नाव कधी घेतलेलं ऐकलंयस का?' तो पोरगा आपल्या बुटांकडे बघायला लागला. मग म्हणाला, 'नाही. आमच्याकडे आजोबांना घोडेवाले म्हणायची.' तरी दंड त्याने केलाच, भावफलक नाही म्हणून. सरकारी माणूस, रिकाम्या हाताने कसा जाईल? जाताना काड्यापेटीचे दोन पगडीवाले मात्र मोजून ठेवून गेला.

भावफलक लावायचा तर त्यावर तो शब्द लिहावा लागणार, आणि मी तो लिहूही शकत नव्हते. मामंजी म्हणाले, 'आण खडू.' त्या दिवसापासून रोज सकाळी दाढी करून, टोपी घालून ते फळ्यासमोर उभे राहायचे आणि मीठ, चहा, साखर, प्रत्येकापुढे आकडा आणि आकड्यापुढे आपलं नाव लिहायचे. अक्षर तर तुला माहीत आहे, दाणेदार. भाव वाढले की पुसून नवे लिहायचे आणि म्हणायचे, 'पडतंय ते नोटेचं मोल, अक्षर नाही.' नंतर मोठ्या नोटा आल्या, पाचशेच्या, हजाराच्या, तर त्यांवर पुन्हा तेच फेटेवाले विद्वान. मामंजींना केवढा आनंद. 'बघा, शिकलेला माणूस एकावरून हजारावर गेला, खान आहेत तिथेच राहिले.' एर्केम, ते पुढे नऊ वर्षं जगले, आणि उठून, बसून, हसून जगले.

त्या तपासनिसाच्या दिवशीच संध्याकाळी मला म्हणाले, 'सूनबाई, पुरे झालं. मी तुला मोकळं करतो. घेत जा माझं नाव, दुकान चालवायचंय तुला.' मी म्हटलं, 'नको मामंजी.' त्यांना वाटलं मी रीत म्हणून नाही म्हणतेय. खरं सांगू? मला माझ्या जिभेची भीती वाटली. मी काही संत नाही. ते नाव घ्यायला लागले असते, तर एखाद्या दिवशी पिठाचं पोतं दुप्पट भावाने घेऊन आल्यावर मीही त्या नावाने बोटं मोडली असती. न घेतलेल्या नावाला निदान माझ्याकडून तरी कधी वाईट शब्द लागणार नव्हता. तू याला लाज म्हणालीस. मला त्याला काय म्हणावं ते कळत नाही, पण लाज नव्हती ती. माझ्या वडिलांपेक्षा त्यांच्यावर माझी माया जास्त होती, हे मी पहिल्यांदाच कोणाला सांगतेय.

एवढंच सांगायचं असतं तर ते मी अयागोझकरवी फोनवरही सांगितलं असतं. दुसरं एक आहे. ते लिहू की नको म्हणून हे पत्र चार दिवस उशीखाली पडून होतं. तू शाळेत शिकवायला लागलीस त्याच्या पुढच्या वसंतात मामंजींच्या डोळ्यांसाठी मी त्यांना अल्माटीला आणलं होतं, आठवतं? आम्ही तुझ्याकडे संध्याकाळी पोहोचलो. पण शहरात आम्ही दुपारीच उतरलो होतो. माझ्या मनात एक बेत होता. तिकडे शाळेत मुलं बाईंना त्यांच्या नावापुढे वडिलांचं नाव लावून हाक मारतात. मी म्हटलं, मामंजींना तिथे नेऊन उभं करावं. इतक्या वर्षांत जे नाव त्यांनी शिव्यांबरोबर ऐकलं, ते एकदा पोरांच्या तोंडून आदराने ऐकू दे. त्यांनाही मी ते सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ओळखलं असावं, कारण बसस्थानकावर त्यांनी मला बूट पुसायला फडकं मागितलं. तुमच्या शाळेचा तो लांब व्हरांडा, मधली सुट्टी, आणि तू पाठमोरी, भोवती मुलांचा गराडा. मुलं तुला हाक मारत होती. तुझं नाव, आणि पुढे 'तिमूरोव्ना', म्हणजे तिमूरची लेक.

आपल्या घरात तिमूर कोण आहे, एर्केम? मला आधी वाटलं दुसऱ्या बाईंना बोलावतायत. मग तू वळून ओ दिलीस. मामंजी एका हाताने भिंतीला धरून उभे होते. डोळे अधू होते त्यांचे, कान नव्हते. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझी बाही ओढली. बाहेर फाटकापाशी आल्यावर म्हणाले, 'लहान मुलं ती. लांब नाव त्यांच्या जिभेला वळत नसेल. तिने सोपं करून दिलंय.' थोडं चालल्यावर म्हणाले, 'पोरी, आज आपण शाळेत गेलोच नाही.' संध्याकाळी तुझ्याकडे बसून त्यांनी किती चवीने जेवण केलं ते तुला आठवत असेल. गावी परत आल्यावर बेरदिबेकला आणि शेगडीभोवतीच्या सगळ्यांना सांगत होते, 'काय शिस्त आहे माझ्या मुलीच्या वर्गात! मुलं तोंडातून शब्द काढत नाहीत.' ते गेले तेव्हा तू आलीस, माझ्या गळ्यात पडून रडलीस, तेव्हाही मी हे बोलले नाही. शाळेत गेलोच नाही म्हणजे नाही. त्या दिवशी मला तुझा फार राग आला होता. कितीतरी वर्षं होता. आता नाही. तू विशीतली पोर, परक्या शहरात, आणि 'रोज स्वस्त होतो' हे कानात घेऊन गेलेली. मी काउंटरवर काय केलं, हे तुला कोणी सांगितलंच नव्हतं. मी ते नाव घेतलं नाही, तूही घेतलं नाहीस, आणि बाहेरून ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं. फोनवर तू मला लाज म्हणालीस तेव्हा मला उमगलं की तू माझ्याबद्दल बोलत नव्हतीस.

आता काम सांगते. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला बाळाचा चाळिसावा दिवस आहे. मुल्ला येऊन अजान देईल, आणि मग घरच्या कोणीतरी बाळाच्या कानात तीनदा नाव सांगायचं. सांझार म्हणतो, 'आई, तू सांग, आता कोण अडवतंय तुला?' मी त्याला नाही म्हटलं आहे. ते नाव घ्यायची मुभा मला नव्हती आणि आता नकोही आहे. तुला ती जन्मापासून होती. तू ये. गाडीभाड्याचं बघू नकोस, तुझा भाऊ स्टेशनवर येईल. बाळाला उचलून घे, त्याची ती भुवई बघ, आणि त्या क्षणी तुला दुसरं एखादं नाव सुचलं तर तेच सांग. मी कोणाला चकार शब्द काढू देणार नाही, आणि हे पत्रही चुलीत टाक. पण जर जमलं, तर तुझ्या वडिलांचं नाव घे. कानात नको, जरा मोठ्याने घे, दाराशी उभ्या माणसाला ऐकू जाईल एवढं. त्या व्हरांड्यात तेवढंच ऐकायला ते बूट पुसून आले होते.

तुझीच,
कामशात वहिनी